वायटूके: तुमच्याकडे ३१ डिसेंबर १९९९ची रात्र कशी गेली?

२००० नंतर जन्मलेल्या मुलांना वायटूके म्हटलं की ढगळ पँटी आणि चंदेरी कपडे आठवतात. आपल्या पिढीला आठवतो तो 'इयर २०००'चा, संगणकांतल्या तारखेच्या दोषाचा धसका. विमानं पडणार, बँकेतले पैसे गायब होणार, लिफ्ट मधेच अडकणार, अणुभट्ट्या बिघडणार, आणि हे सगळं एकाच ठोक्याला, रात्री बारा वाजता. १ जानेवारीला शनिवार होता. दूधवाला नेहमीच्या वेळेला आला.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहीत: ६८, ७५, ९९. पंचकार्डावर (भोकं पाडून माहिती ठेवायचं कार्ड) जागा ऐंशी रकान्यांची आणि मेमरी सोन्याच्या भावाची, त्यामुळे तेव्हा ती शहाणी काटकसर होती. पण ९९ नंतर ०० आलं की यंत्र ते १९०० समजणार आणि वजाबाकी उलटी होणार. १९६५ साली जन्मलेला माणूस पस्तीस वर्षांचा न होता उणे पासष्ट वर्षांचा होणार. कॅनडातले सल्लागार पीटर डी येगर यांनी १९९३मध्ये 'कॉम्प्युटरवर्ल्ड'मध्ये लेख लिहून याबद्दल मोठ्याने ओरड केली. पुढे गार्टनर या सल्लागार कंपनीचा दुरुस्तीसाठी ३०० ते ६०० अब्ज डॉलर खर्चाचा अंदाज सगळीकडे फिरू लागला आणि विषय संगणकवाल्यांच्या हातातून सुटून ज्योतिषांपर्यंत पोचला. १९९९ साली नॉस्ट्रॅडॅमस या जुन्या भविष्यवेत्त्याचं भाकीत होतं, ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण होतं, त्यात हे.

'काही झालं नाही, म्हणजे थोतांड होतं' आणि 'काम केलं म्हणून काही झालं नाही' हे दोन पक्ष मी तेव्हापासून लग्नाच्या पंगतीत ऐकतोय. दोन्ही पक्षांतले बहुतेक जण त्या रात्री घरी टीव्हीसमोर होते. म्हणून इथे मतं कमी आणि अनुभव जास्त हवेत. तुम्ही कुठे होतात, हातात काय काम होतं, आजूबाजूला कोण कशाला घाबरलं होतं ते लिहा. कंपन्यांची, इस्पितळांची नावं नकोत.

माझं सांगतो. मी तेव्हा एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो, रात्रपाळीला. वायटूकेसाठी पहिल्या पानावर मोठी जागा राखून ठेवली होती. आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले तेव्हा न्यूझीलंडमध्ये बारा वाजले. तार आली: वीज चालू, फोन चालू. साडेसहाला सिडनी, साडेआठला जपान. बातमी दर तासाला एकेक कॉलम आकसत गेली. त्यात त्याच संध्याकाळी कंदाहारहून आयसी ८१४ या अपहरण झालेल्या विमानाचे प्रवासी सुटून दिल्लीला यायला निघाले आणि पहिलं पान त्यांनी घेतलं. मुंबईत बारा वाजायच्या आधीच आमच्या डेस्कवर वायटूके ही जुनी बातमी झाली होती. घराघरांत मात्र लोक श्वास रोखून बसले होते.

आता तुम्ही लिहा.

कोबोलकाकू

मी तेव्हा काकू नव्हते, नुकतं लग्न झालं होतं. ऑफिस पुण्यात, भाषा कोबोल (जुनी प्रोग्रॅमिंग भाषा), क्लायंट अमेरिकेतली एक विमा कंपनी. काम इतकं कंटाळवाणं होतं की आता कोणी त्याला महायुद्ध वगैरे म्हटलं की मला हसू येतं.

आधी सगळ्या प्रोग्रॅमची यादी करायची. त्यातले काही रोज रात्री इमानेइतबारे चालत होते, पण त्यांचा सोर्स कोडच कोणाकडे नव्हता. मग उरलेल्यांत ओळ न् ओळ वाचून तारीख शोधायची. व्हेरिएबलच्या नावात डेट, डीटी, वायआर असं काही असलं तर टूल शोधून द्यायचं. पण एका प्रोग्रॅममध्ये तारखा लिंडा आणि सुझन अशा नावांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेल्या. लिंडातून सुझन वजा केली की पॉलिसी किती जुनी ते कळायचं. लिहिणारा बाबा केव्हाच रिटायर झाला होता, त्यामुळे या दोघी कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दुरुस्तीचे मार्ग दोन. एक, वर्ष चार आकडी करायचं. म्हणजे फाइलमधला प्रत्येक रेकॉर्ड रुंद करायचा आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलायचा. दुसरा, विंडोइंग. डेटाला हात न लावता फक्त नियम घालायचा: ०० ते ४९ आलं तर २०००चं शतक, ५० ते ९९ आलं तर १९००चं. झटपट आणि स्वस्त. पण विम्यात जन्मतारखेला हे चालत नाही. १९०८ साली जन्मलेली आजी आणि २००८ साली जन्मणारी तिची पणती, दोघी ०८च. म्हणून जन्मतारखा रुंद केल्या आणि बाकी बहुतेक ठिकाणी विंडो लावली.

बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली भानगड ९९ची. जुने लोक 'कधीच नाही' असं लिहायला ९९ वापरत. मॅग्नेटिक टेप कधीच पुसायची नसेल तर मुदत टाकत ९९३६५, म्हणजे ९९ सालचा ३६५वा दिवस. १९७५ साली तो दिवस कल्पांताइतका लांब वाटला असणार. तो दिवस म्हणजे ३१ डिसेंबर १९९९! अशी प्रत्येक टेप काढून बघावी लागली की हिचा अर्थ 'कधीच नाही' आहे की खरंच ती तारीख. महिनोन् महिने आम्ही हे केलं. वर्तमानपत्रात विमानांबद्दल छापून येत होतं आणि आम्ही टेपांच्या याद्या वाचत होतो.

टेस्टिंगसाठी मेनफ्रेमच्या, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाच्या, एका वेगळ्या भागाचं घड्याळ पुढे नेऊन ठेवलेलं असायचं. ३१ डिसेंबर, १ जानेवारी, २९ फेब्रुवारी, १ मार्च आणि २००० सालचा ३६६वा दिवस, एवढे सगळे दिवस तिथे पुन्हा पुन्हा उगवायचे. २९ फेब्रुवारी कशासाठी? तर शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं एवढं अर्धं ज्ञान असलेल्यांनी २०००ला लीप मानलं नव्हतं. चारशेने भाग गेला तर ते लीप असतं, हा नियमाचा पुढचा भाग पुष्कळांना ठाऊक नव्हता. (आणि गंमत म्हणजे ज्यांना शंभराचाही नियम ठाऊक नव्हता त्यांचे प्रोग्रॅम बरोबर चालले.)

अमेरिकेची रात्र म्हणजे आपला दिवस. तेव्हा त्यांचं यंत्र त्या मानाने मोकळं असायचं आणि आम्हाला वापरायला मिळायचं. आपल्याकडे एवढं काम आलं त्यात पगाराच्या फरकाइतकाच वेळेतल्या या साडेदहा तासांच्या फरकाचाही वाटा आहे असं मला वाटतं.

३१ तारखेला सगळ्यांना ड्यूटी. पावभाजीची कढई, खुर्च्यांवर डुलक्या, सासूबाईंचे दर तासाला फोन. आपले बारा वाजले तेव्हा टाळ्या वाजल्या, पण आमची वेळ खरी १ तारखेला सकाळी साडेदहाची, न्यूयॉर्कच्या बारा वाजताची. त्यानंतरच्या रनमध्ये दोन जॉब (ठरल्या वेळी चालणारे प्रोग्रॅम) बंद पडले. डिस्क भरली होती म्हणून. ते एरवीही आठवड्यातून एकदा पडायचेच.

बॅकबेंचर

मी नववीत. आमच्या सरांना वाटत होतं वायटूके हा व्हायरस आहे आणि तो हवेतून येतो की काय कोण जाणे, पण त्यांनी लॅबमधल्या सगळ्या मॉनिटरना प्लॅस्टिकची कव्हरं घालून, वायरी काढून, खोलीला कुलूप लावलं. शाळेला इंटरनेटच काय, फोनही एकच होता, तोही मुख्याध्यापकांच्या टेबलावर.

सोमवारी कुलूप उघडलं. एका जुन्या ४८६ मशीनवर तारीख आली ४ जानेवारी १९८०. वर्गात प्रचंड जल्लोष. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कारण कळलं: त्या मशीनचं घड्याळ वर्षाचे दोनच आकडे ठेवायचं, ते १९०० सांगू लागलं, आणि डॉस या त्यावर चालणाऱ्या प्रणालीला १९८०च्या आधीचं जग माहीतच नाही. हाताने एकदा नवी तारीख टाइप केली की बहुतेक मशीन सुधारायची. सरांनी मात्र ती वर्षअखेरपर्यंत तशीच ठेवली. कोणी पाहुणे आले की तेवढीच दाखवायचे.

कृष्णाकाठ

आमच्याकडे वायटूके १९९६ सालीच आला. मी सांगली जिल्ह्यात पतसंस्थांना फॉक्सप्रोमध्ये (माहिती साठवायचं एक साधन) सॉफ्टवेअर करून द्यायचो. एका संस्थेत कोणीतरी पाच वर्षांची ठेव ठेवली, मुदत २००१. पावतीवर छापून आलं ०१, आणि महिनाअखेरीला 'मुदत संपलेल्या ठेवी' काढल्या तर पहिलं नाव त्याच गड्याचं. यंत्राच्या हिशेबी त्याची मुदत पंचाण्णव वर्षांपूर्वीच संपली होती. मॅनेजरने मला फोन करून विचारलं, 'याला पंचाण्णव वर्षांचं व्याज द्यायचं का?'

म्हणून सांगतो, हा बग रात्री बाराला येतो हीच मुळात चुकीची समजूत. ज्याचा हिशेब पुढच्या तारखांशी, त्याच्याकडे तो आधी आला. ठेवी, कर्जाचे हप्ते, विमा, सगळे आधी. विजेचं मीटर आणि लिफ्ट यांना पुढच्या तारखेचं काय पडलंय?

फॉक्सप्रोत तारीख नीट डेट फील्डमध्ये ठेवलेली असली तर फाइलच्या पोटात वर्ष चार आकडीच असायचं. घोटाळा दाखवताना आणि टाइप करून घेताना. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला 'सेट सेंच्युरी ऑन' ही ओळ घातली की आकडे चार दिसायचे, मग स्क्रीनवरच्या चौकटी तेवढ्या सरकवायच्या. क्लिपर हे तसंच दुसरं साधन वापरणाऱ्यांना 'सेट इपॉक' ही ओळ होती. पण ज्यांनी तारीख साध्या अक्षरांसारखी साठवली होती त्यांची कामं बघून रडू यायचं. एका चेअरमनसाहेबांनी माझं बिल बघून विचारलं, 'एका ओळीचं एवढं?' मी म्हटलं, 'ओळ फुकट. कुठं घालायची त्याचं बिल आहे.' त्यांनी अर्धंच दिलं, उरलेलं २००१ साली. व्याजाशिवाय.

डिसेंबरात गावोगाव हिंडत होतो. वाळवा, पलूस, तासगाव. एसटी आणि पिशवीत फ्लॉप्या. एका संस्थेत एक आज्जा येऊन काउंटरला उभा. 'बैल इकल्याचं पैसं हायत माझं. त्या मशिनीत शून्य हुत्यात म्हणं?' क्लार्क समजावून दमला. शेवटी संचालक मंडळाने ठराव केला की ३१ तारखेला संध्याकाळी प्रत्येक खात्याची बाकी कागदावर छापून लोखंडी कपाटात ठेवायची. डॉट मॅट्रिक्स रात्रभर किर्रर्र करत होता. आज्जा दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, आपली ओळ कागदावर बघितली, वर बोट फिरवलं आणि गेला. पैसे काढले नाहीत. कागदावरचा त्याचा विश्वास आमच्या सगळ्या 'वायटूके कंप्लायंट' (२०००साठी तयार) अशा स्टिकरांपेक्षा कामाला आला.

जर्सीची वहिनी

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला. नवरा वायटूकेच्याच कामावर १९९८ला आलेला, कमरेला पेजर. त्या काळात एच-वन या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,०००वरून १,१५,०००वर नेली होती, त्या लाटेतले आम्ही. वरच्या मजल्यावर मराठी, शेजारी तेलुगू, समोर गुजराती, सगळ्यांचं काम एकच.

अमेरिकन शेजाऱ्यांची तयारी बघून छाती दडपायची. रेड क्रॉसचा सल्ला साधा होता: हिवाळी वादळासाठी ठेवता तेवढं सामान ठेवा. पण लोकांनी जनरेटर आणले, तळघरात डबाबंद अन्नाच्या थप्प्या लावल्या, बाथटब पाण्याने भरून ठेवले. लोक बँकांतून पैसे काढतील म्हणून त्यांच्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने ५० अब्ज डॉलरच्या जादा नोटा छापून तयार ठेवल्या होत्या. ओक ट्री रोडवरच्या दुकानांत तूरडाळ आणि कणकेच्या पिशव्यांसाठी रांग. मीही उभी राहिले. न राहून सांगता कोणाला?

सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आल्या होत्या. मी मेणबत्त्या, बॅटरीचे सेल, पाण्याचे कॅन लावून ठेवत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, 'किती दिवस वीज जाणार म्हणतात?' म्हटलं, 'आई, तीन-चार दिवस.' त्या म्हणाल्या, 'मग एवढं काय गं? आमच्याकडे गणपतीत गेली होती तेव्हा आठवड्याने आली.' त्यांची एकच तक्रार होती, या घरात शेगडी पेटवायला अंगण नाही.

३१ला सकाळी आठला टीव्ही लावला तर सिडनीची आतषबाजी चालू. हार्बर ब्रिज दिव्यांनी लखलखलेला. मी तिथेच बाथटबचं बूच काढलं. नवरा रात्रभर ऑफिसात, दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि झोपला.

ती तूरडाळ मार्चपर्यंत पुरली. पण त्यानंतरचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. २००१ला कामं आटली. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं 'बेंचवर' गेली, म्हणजे काम नाही म्हणून बसून राहिली, मग गाड्या विकल्या, मग विमानतळावर निरोप. वायटूकेने आणलं होतं त्यांतल्या पुष्कळांना २००१ने परत नेलं. आमचं टिकलं ते नवऱ्याने मधल्या काळात जावा ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा शिकून घेतली म्हणून.

सबस्टेशन

निवृत्त वीज कर्मचारी, अमरावती जिल्हा. वरून पत्र आलं: ज्या ज्या उपकरणाला तारीख लागते त्यांची यादी पाठवा. आमच्या १३२ केव्हीच्या सबस्टेशनमध्ये रिले सगळे जुन्या पद्धतीचे. आत चकती असते, करंट वाढला की फिरते, संपर्क जुळला की ब्रेकर पडतो. तिला एकविसावं शतक लागलं काय नि विसावं चालू असलं काय. लॉगबुकावर तारीख टाकायचो ती आम्ही, पेनाने. यादीत मी भिंतीवरचं कॅलेंडर लिहिणार होतो, साहेबांनी खोडलं.

तरी दक्षता म्हणून जास्तीचे ऑपरेटर, बॅटरीबँकेची तपासणी, फोनवर माणूस. आणि वरून सूचना अशी की आज आमच्या फीडरवर भारनियमन करू नका, लोक उगाच घाबरतील. त्यामुळे झालं असं की त्या हिवाळ्यात गावातली वीज एकही मिनिट न जाता रात्रभर राहिली ती फक्त त्या एका रात्री. सरपंचांचा सकाळी फोन आला, 'तो वायटूके पुन्हा केव्हा आहे?'

शंकासुर

सगळं वाचलं. करमणूक झाली. पण कोबोलकाकू सोडल्या तर प्रत्येकजण हेच सांगतोय की काही झालं नाही आणि होणारही नव्हतं. इटलीने फारसा खर्च केला नाही, रशियाने केला नाही. तिथे काय आकाश कोसळलं? साप साप म्हणून भुई धोपटली, आणि धोपटायचे पैसे सल्लागारांनी घेतले. मिक्सरवर आणि स्पीकरवर 'वायटूके रेडी' अशी स्टिकरं लावून विकल्याचं मी स्वतः पाहिलंय. मिक्सरला तारीख?

डायलटोन

मी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजला होतो, ई-१०बी पद्धतीचं डिजिटल एक्स्चेंज. सॉफ्टवेअर आधीच तपासून झालं होतं आणि बिलिंगची तारीख वेगळी तपासली होती. आमची धास्ती निराळीच होती. बाराच्या ठोक्याला लाखो माणसं एकाच वेळी फोन चालू आहे का बघायला रिसीव्हर उचलतील, ही.

एक्स्चेंज काही प्रत्येक ग्राहकाला एकाच क्षणी डायलटोन देऊ शकत नाही. ठरावीक प्रमाणात लोक एका वेळी बोलतील असं धरूनच ते बांधतात. सगळ्यांनी एकदम उचलला तर पुष्कळांना टोन उशिरा मिळणार, ते म्हणणार 'गेला! वायटूके!', ठेवून पुन्हा उचलणार, आणि गर्दी आणखी वाढणार. म्हणजे बग नसतानाही नुसत्या भीतीने फोन बंद पडल्यासारखे झाले असते. अमेरिकेत टेलिफोन कंपन्यांनी लोकांना विनंती केली होती की बारा वाजता उगाच फोन उचलून बघू नका. त्यात आपल्याकडे रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव, त्यामुळे नववर्षाच्या शुभेच्छांची गर्दी एरवीही असायचीच.

बाराला लोड चढला, काही मिनिटं बऱ्याच जणांना एंगेज टोन मिळाला असणार, मग उतरला. कोणाची तक्रार आली नाही. लोकांना वाटलं समोरच्याचा फोन बिझी आहे.

लातूरकर

शंकासुर, तुमच्याशी सहमत नाही पण तुमचा राग समजतो. १९९८-९९ला आमच्याकडे गल्लोगल्ली क्लास निघाले होते. 'कोबोल शिका, अमेरिका गाठा.' भिंतीवर विमानाचं चित्र. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून माझी फी भरली. मेनफ्रेम आम्ही बघितली नाही, साध्या पीसीवर कोबोल चालवायचो. शिकवणारा स्वतः मागच्या बॅचचा विद्यार्थी. मी कोर्स संपवून बाहेर पडलो नोव्हेंबर १९९९ला. ज्याची दुरुस्ती संपायलाच आली ते शिकवून त्यांनी आमच्या गळ्यात सर्टिफिकेट अडकवलं. मार्चमध्ये त्या जागी ब्यूटी पार्लर होतं.

कोबोल वाया गेलं असं मात्र म्हणणार नाही. फायली, रेकॉर्ड, बेरजा यांची शिस्त लागली. पुढे टॅलीवर हिशेब लिहायला लागलो ते अजून लिहितोय, स्वतःचं ऑफिस आहे.

लीड्सवासी

शंकासुर यांना दोन उत्तरं.

इटलीबद्दल: खर्च कोणाच्या खिशातून गेला ते बघा. रोममधल्या बँकेतलं यंत्र आयबीएमचं, वर चालणारी प्रणाली अमेरिकेत दुरुस्त झालेली, पॅच आयता आला. शेजाऱ्याने विहीर उपसली आणि पाणी ह्यांनाही स्वच्छ मिळालं. शिवाय तिथे वीज किंवा रेल्वेची नियंत्रणं जुनी, 'सबस्टेशन' यांच्या चकतीसारखी. भीती अवाच्या सवा होती हे मलाही मान्य आहे. पण भीती खोटी होती म्हणून दोषही खोटा ठरत नाही.

आणि 'काही झालं नाही' याबद्दल. जपानमध्ये ओनागावा अणुवीज केंद्रात मध्यरात्रीनंतर दोन मिनिटांनी धोक्याची घंटा वाजली, निभावलं. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांकडून येणारी माहिती जमिनीवरच्या केंद्रात काही दिवस नीट वाचता येईना. अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेच्या पानावर वर्ष आलं १९१००. प्रोग्रॅम १९०० पासून किती वर्षं झाली ते मोजायचा आणि पुढे १९ चिकटवायचा. शंभर झाली, चिकटवले. आमच्या ब्रिटनमध्ये तर २८ डिसेंबरलाच हजारो दुकानांतली कार्ड स्वाइप करायची यंत्रं अडली, कारण ती पुढचे चार कामाचे दिवस बघून व्यवहार करत आणि चौथा दिवस २०००मध्ये पडत होता. कृष्णाकाठ यांचा मुद्दा तंतोतंत.

ही सगळी हसून सोडण्याजोगी. पुढचं नाही. शेफील्डमध्ये गरोदर बायकांची डाउन सिंड्रोमसाठी (बाळातला एक जन्मजात दोष) तपासणी करणारी संगणक प्रणाली होती. तिच्यात आईचं वय फार महत्त्वाचं असतं. जानेवारी २०००पासून ती वय चुकीचं मोजू लागली, आणि ज्या बायकांना धोका जास्त होता त्यांना 'धोका कमी' असं कळवलं गेलं. मे महिन्यापर्यंत हे चालू होतं. दीडशेहून जास्त बायका. स्क्रीन बंद पडली नाही, घंटा वाजली नाही, आकडा छापून येत राहिला. चौकशीचा अहवाल २००१ला आला तेव्हा मी इथेच शिकत होतो आणि स्थानिक वृत्तपत्रात तो वाचला होता.

शंकासुर

शेफील्डचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेत नाही, पण ते वाचून थांबलो. मिक्सरवर ठाम आहे.

कोबोलकाकू

मिक्सरबद्दल मीही तुमच्याच बाजूने.

लीड्सवासी, शेफील्डसारखाच धसका आम्हाला होता. पडणारा प्रोग्रॅम परवडतो, रात्री फोन येतो आणि माणूस उठून बघतो. चुकीचं उत्तर देऊन हसतमुखाने पुढे जाणारा नको. म्हणून आम्ही जुना आणि नवा, दोन्ही रनचे रिपोर्ट शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून बघायचो. त्या कामाला सगळ्यात ज्युनिअर मुली बसवत. सगळ्यात जास्त चुका त्यांनीच पकडल्या.

नाइट ड्यूटी

मी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात आयसीयूची सिस्टर होते. ऑक्टोबरपासून बायोमेडिकलवाले एकेका मशीनच्या कंपनीकडून पत्रं मागवत होते. काहींची आली, काहींची नाही. मग मेट्रननी ठरवलं, पत्राच्या भरवशावर राहायचं नाही. पावणेबाराला प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी एक माणूस अंबू बॅग हातात घेऊन उभा. सिस्टर, वॉर्डबॉय, रेसिडेंट डॉक्टर, जो मिळेल तो. व्हेंटिलेटर थांबला तर हाताने श्वास द्यायचा.

काहीच थांबलं नाही. एका जुन्या ईसीजी मशीनने पट्टीवर तारीख चुकीची छापली, ती आम्ही पेनाने दुरुस्त केली आणि सही केली. सव्वाबाराला मेट्रननी 'बसा आता' म्हटलं. आठ नंबर बेडच्या आजोबांचा मुलगा काचेबाहेरून सगळं बघत होता. त्याला वाटलं होतं की दर रात्री बारा वाजता असंच उभं राहतात.

नवी भरती

माझं वय २६, म्हणजे मी इथे तसा उपराच. पुण्यात एका परदेशी बँकेच्या कर्जप्रणालीवर काम करतो आणि हो, कोबोल आहे. कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, इथे येऊन शिकलो.

मित्रांशी बोलताना पुढचा वायटूके म्हणून २०३८चा विषय निघतो. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या प्रणालींची जागा १९ जानेवारी २०३८ला संपते, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. सगळे त्याचीच चर्चा करतात. माझ्या टेबलावर वेगळंच आहे. आमच्या एका मोड्यूलमध्ये वरती कॉमेंट आहे: 'वायटूके फिक्स', महिना आणि साल १९९८, खाली कोणाची तरी आद्याक्षरं. आत कोबोलकाकूंनी सांगितलेली विंडो. पण त्यांची ५०ची होती, इथे ४० घेतलेत: ३९पर्यंत २०००चं शतक, ४०पासून १९००चं.

आता हिशेब करा. वीस वर्षांचं गृहकर्ज २०२१ला दिलं की शेवटचा हप्ता २०४१ला. प्रणालीच्या मते १९४१. न्यूयॉर्कमधली पार्किंगची मीटरं जानेवारी २०२०मध्ये कार्डं घेईनाशी झाली होती, तिथेही अशीच जुनी मुदत संपली होती. आमच्याकडे लांब मुदतीच्या कर्जांसाठी कोणीतरी मधेच एक अपवाद लिहून ठेवलाय, त्याच्यावर दुसरा अपवाद, आणि ते चालतंय. मी रीतसर तिकीट (दुरुस्तीची मागणी) टाकलं की खालची विंडोच बदलू या. मॅनेजरने प्रायॉरिटी 'लो' केली. म्हणाले, २०४०ला वेळ आहे.

कोबोलकाकू

आद्याक्षरं कोणती आहेत ते मेसेज करून सांग. आणि मॅनेजरना तीस वर्षांच्या कर्जाचा एक नमुना चालवून रिपोर्ट हातात दे. तोंडी सांगू नकोस, छापून दे.